वाचनालयातलं बंद कपाट

(दहावी १९९६च्या तुकडीच्या कपिलधार येथील स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. तो मी बदलून मागितला. त्या विषयावर आपली मुलं आपल्यापेक्षा चांगलं बोलतील. त्यांना जे सांगता येणार नाही आणि आपण सांगितलं नाही तर पुढे कोणालाच सांगता येणार नाही, अशा एका गोष्टीबद्दल बोलावं असं वाटलं. आपल्या गावाकडच्या वाचनालयात मागच्या खोलीत एक कपाट आहे. माझं आजचं बोलणं त्या कपाटाबद्दल आहे.

आपण जमलो आहोत ती जागाही या विषयाला जवळची आहे. कपिलधार म्हटलं की बालाघाटाचा डोंगर, धबधबा आणि मन्मथस्वामींची संजीवन समाधी डोळ्यांपुढे येते. कार्तिकी पौर्णिमेला इथे दिंड्या येतात, त्या केवळ आपल्या जिल्ह्यातून नाही, कर्नाटकातून आणि तेलंगणातूनही. स्वामींच्या ‘परमरहस्य’ या ग्रंथाची पोथी आपल्या भागातल्या किती घरांत कापडात बांधून ठेवलेली असते ते तुम्हाला माहीत आहे. आमच्याही घरी आहे. त्या पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आमच्या पणजोबांनी घरातल्या मुलांच्या जन्माच्या तिथी लिहून ठेवल्या आहेत. कोणाचं बारसं, कोणत्या सालचा दुष्काळ, बैलजोडी किती रुपयांना घेतली, सगळं एकाच शाईत. पोथी देवाची, पण शेवटचं पान घराचं. आपल्याकडे इतिहास बहुतेक वेळा असाच ठेवला गेला आहे, दुसऱ्या कशाच्या तरी शेवटच्या पानावर.

वंशावळी ठेवण्याच्या आपल्याकडच्या पद्धती जुन्या आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, हरिद्वार, गया अशा क्षेत्री गेलात तर तिथले उपाध्याय गाव आणि आडनाव विचारून जाडजूड वही काढतात, आणि तुमच्या खापरपणजोबांच्या नावाखाली तुमची नोंद करून घेतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हेळवी लोक घरोघर येऊन पिढ्या वाचून दाखवतात. आपल्याकडे भाट येत. पण या सगळ्या वह्या त्या त्या घराण्याच्या मालकीच्या. वही सांभाळणाऱ्याची पुढची पिढी पुण्याला नोकरीला गेली की वही माळ्यावर जाते. म्हणून सार्वजनिक वाचनालय ही जागा वेगळी ठरते. तिथे ठेवलेला कागद कोणा एकाचा राहत नाही. तो मागायला नातं लागत नाही, जात लागत नाही, दक्षिणा लागत नाही.

आपल्या मराठवाड्यात ही जागा उशिरा आणि कष्टाने मिळाली. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. इथे सभा घ्यायची तर परवानगी, भाषण करायचं तर परवानगी. ‘गश्ती निशान ५३’ हा शब्द आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होता. अशा काळात चार मराठी पुस्तकं आणि एक वर्तमानपत्र ठेवून वाचनालय उघडणं हे नुसतं वाचनाचं काम नव्हतं. मुक्तिसंग्रामातल्या कितीतरी कार्यकर्त्यांची पहिली बैठक वाचनालयातल्या सतरंजीवरच झाली. पुढे १७ सप्टेंबर १९४८ उजाडला. १९५५ साली हैदराबाद राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, १९५६ला आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६७ साली महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा आला. अनुदान सुरू झालं, वर्ग ठरले, ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’.

त्या पंधरा-वीस वर्षांत लोकांचा वाचनालयावर केवढा विश्वास होता, हे त्या कपाटावरून कळतं. गेल्या वर्षी मी सुट्टीवर आले होते तेव्हा ग्रंथपालांनी ते मला उघडून दाखवलं. आत काय होतं ते सांगते. तीन-चार कापडी गाठोडी, मोडी कागदांची. पाटीलकीच्या वादाची एक फाईल. उर्दूतल्या जमीनमोजणीच्या नकला. सत्यनारायणाच्या आणि शनिमाहात्म्याच्या जुन्या छापील पोथ्या. एका वकिलांनी दिलेले गॅझेटियर, त्यात १९६९ साली निघालेलं आपल्या जिल्ह्याचं, तेव्हा त्याच्या इंग्रजी नावात ‘भीर’ होतं. १९७२च्या दुष्काळातल्या कामांवरच्या हजेरीच्या वह्या, त्या तिथे कशा आल्या कोणालाच माहीत नाही. आसपासच्या शाळांच्या आणि बाजार समितीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका. हाताने लिहिलेल्या दोन वंशावळी, एक कापडावर. आणि दाखल रजिस्टर, ज्यात कोणती वस्तू कोणी, कधी दिली ते सुंदर अक्षरात लिहिलेलं.

मी ते रजिस्टर आणि कपाट ताडून पाहिलं. नोंदलेल्यांपैकी निम्मंच कपाटात आहे. बाकीचं कुठे गेलं, याचं उत्तर एका वाक्यात नाही. थोडं वाळवीने खाल्लं. थोडं छत गळून भिजलं आणि चिकटून लगदा झाला. काही कोणीतरी ‘वाचायला’ नेलं ते परत आलं नाही. एकदा रंगकाम निघालं तेव्हा काही गठ्ठे रद्दीत गेले म्हणतात. यात दुष्ट माणूस शोधायला गेलात तर सापडणार नाही. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला तीस हजार रुपये अनुदान होतं. सरकारने २०२२मध्ये ते साठ टक्क्यांनी वाढवायचं ठरवलं, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. महिन्याला चार हजार. त्यात ग्रंथपालाचं मानधन, वर्तमानपत्रं, मासिकं, वीज, झाडलोट आणि नवी पुस्तकं. २०१२च्या राज्यव्यापी पडताळणीनंतर बरीच वर्षं नवी मान्यता आणि दर्जावाढही थांबली होती. तपासणीला साहेब येतात तेव्हा पुस्तकं किती, नियतकालिकं किती, सभासद किती हे मोजतात. मोडीच्या गाठोड्याला त्या तक्त्यात रकाना नाही. ज्याला रकाना नाही ते आधी मागच्या खोलीत जातं, मग माळ्यावर, मग बाहेर.

आणि आता त्या मागच्या खोलीची गरज आहे. वाचनालयाला स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींसाठी अभ्यासिका वाढवायची आहे. ही मागणी मला शंभर टक्के योग्य वाटते. आपल्या भागातली मुलगी घरात जागा नाही म्हणून वाचनालयात बारा तास बसते आणि तलाठी होते, फौजदार होते, यापेक्षा वाचनालयाचा चांगला उपयोग कोणता? खोली तिलाच मिळाली पाहिजे. प्रश्न कपाटाचा आहे. कार्यकारी मंडळाने सांगितलं आहे की कोणी जबाबदारी घेतली तर कपाट राहील, नाहीतर संक्रांतीनंतर खोली रिकामी होईल. म्हणून मी आज उभी आहे.

आता तुमच्यातले काही मनात म्हणत असतील, जुने कागद राहिले काय आणि गेले काय, पोटाला काय देतात? त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. जातपडताळणीसाठी किती जण फिरले आहेत इथे? हात वर करा. बघा. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा. त्यासोबत वंशावळ, म्हणजे त्या कागदावरच्या माणसाचं आणि तुमचं नातं काय ते. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा काय धावपळ झाली ते आपण पाहिलं. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्ममृत्यूची नोंदवही, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, काय काय उघडलं गेलं. मोडी वाचणारे शोधावे लागले, उर्दू वाचणारे शोधावे लागले. सप्टेंबर २०२५मध्ये हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला आणि शंभर वर्षांपूर्वीच्या एका छापील पुस्तकाचं नाव चहाच्या हॉटेलात ऐकू येऊ लागलं. आरक्षणाच्या प्रश्नात कोणाची बाजू घ्यायला मी उभी नाही. इथे सगळ्या बाजूंचे मित्र बसले आहेत आणि जेवण एकत्रच व्हायचं आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्या कागदांना आपण रद्दी म्हणत होतो, त्यांच्यावर आता घराघरांतल्या मुलांचं शिक्षण आणि नोकरी अवलंबून आहे. आणि ज्यांच्या बाजूचा कागद वाळवीने खाल्ला, त्यांना वाळवीविरुद्ध अपील करता येत नाही.

आमच्या घरीही हे झालं. पुतण्याच्या प्रवेशाच्या वेळी पुरावा हवा होता. आजोबांच्या शाळाप्रवेशाची नोंद मिळाली ती उर्दूत, आणि साल लिहिलेलं १३४५. घरातल्या एका शहाण्याने विचारलं, हा शिवाजी महाराजांच्याही आधीचा कागद कसा? ते फसली साल होतं. निजामाच्या कारभारात तेच चाले. फसलीत ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो, म्हणजे १९३५. हे आम्हाला सांगितलं गावातल्या एका निवृत्त तलाठीकाकांनी. ते आज ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्यानंतर ती ओळ आमच्यापैकी कोणाला वाचता येणार नाही. कागद टिकवणं हे अर्धं काम झालं. तो वाचणारा माणूस टिकला नाही तर कागद असून नसल्यासारखा.

आपल्या बीड शहराचा इतिहास काझी मुहम्मद कुतबुल्लाह यांनी १८९८ साली लिहिला, तोही उर्दूत. आपण मराठी शाळेत शिकलो, त्यामुळे आपल्याच गावचा इतिहास आपल्याला परका. मोडीचंही तेच. आपल्या आजोबांच्या आजोबांची सही आपल्याला नक्षी वाटते.

आता एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. कपाटातल्या त्या दोन वंशावळी मी नीट पाहिल्या. एकीत नऊ पिढ्या आहेत. एकाही बाईचं नाव नाही. पुरुषाला पुरुष जन्मल्यासारखं ते झाड वाढत गेलं आहे. दुसरीत काही ठिकाणी ‘अमुकची लेक तमुक गावी दिली’ एवढंच आहे. लेकीचं नाव नाही, गावाचं आहे. म्हणजे या पद्धतीने वंशावळ ठेवली तर इथे बसलेल्या आम्हा निम्म्या जणी कुठेच सापडणार नाही, ना माहेरच्या झाडावर ना सासरच्या. माझ्या आजीचं माहेरचं नाव काय होतं हे मला कुठल्याही वंशावळीतून कळलं नसतं. लग्नात नावही बदललं, आडनावही बदललं.

मग आपल्या बायकांची नावं कुठे आहेत? शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख, कोणत्या इयत्तेतून शाळा सोडली आणि का. ‘लग्न झाल्यामुळे’ हे कारण त्या रकान्यात किती वेळा आलं असेल याची कल्पना तुम्ही करा. पण निदान नाव तर आहे. महाराष्ट्र सरकारने आता १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं सरकारी कागदपत्रांत सक्तीचं केलं. त्याआधीच्या आयांना शोधायचं तर शाळेचं रजिस्टर हाच रस्ता आहे.

आणि ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांचं काय? पाटीलकीच्या फायलीत पाटील आहेत, मोजणीच्या कागदात खातेदार आहेत. ज्याच्या नावावर गुंठाही नाही तो या कागदांत येणार कुठून? आपल्या वर्गात दिवाळीनंतर बाकं रिकामी व्हायची, आठवतं? आईवडील कारखान्यावर ऊस तोडायला जायचे आणि मुलंही कोयत्याबरोबर जायची. चैत्राकडे परत यायची. त्यांच्या घराण्याचा लेखी इतिहास म्हणजे शाळेच्या हजेरीत त्या पाच-सहा महिन्यांपुढे मांडलेली गैरहजेरीची चिन्हं, आणि १९७२च्या त्या दुष्काळी कामांच्या वह्या. त्या वह्यांत बायांची नावंही आहेत, कारण खडी फोडायला बाया होत्या आणि मजुरी नावाने दिली जायची. म्हणून मी म्हणते, त्या कपाटातली सगळ्यात मोलाची वस्तू कापडी वंशावळ नाही. ती मळकी हजेरी आहे.

दुर्दैव असं की अशा कागदांना कोणीच वाली नाही. केंद्र सरकारने २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केलं, २०२५च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम’ जाहीर झालं, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं काम करायचं म्हणून. चांगलं आहे. पण मिशनच्या व्याख्येत हस्तलिखित म्हणजे किमान पंचाहत्तर वर्षं जुनं आणि ग्रंथ म्हणून मोल असलेलं. महसुली कागद त्यात येत नाहीत, छापील पुस्तकं तर नाहीतच. दुसरीकडे पुराभिलेखागार सरकारी दप्तर सांभाळतं. आता आपल्या कपाटात काय आहे? एका वकिलाने दिलेली नक्कल, शाळेची स्मरणिका, दुष्काळी कामाची हजेरी. हस्तलिखित नाही, सरकारी दप्तर नाही, अनुदानाच्या तक्त्यातलं पुस्तकही नाही. तीन घरांच्या मधल्या बोळात पडलेली वस्तू आहे ती. तिला सांभाळणारं एकच ठिकाण होतं, गावचं वाचनालय.

मोठ्या लोकांचं काम इथून सुरू झालं, हेही सांगितलं पाहिजे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं शोधत फिरायचे. त्यांना ज्ञानेश्वरीची जुनी प्रत मिळाली ती आपल्या बीडच्या पाटांगणावर. ती त्यांनी १९०९ साली छापली आणि तिच्यावरून ज्ञानेश्वरीतल्या मराठीचं व्याकरण लिहिलं. आज ती मूळ पोथी अभ्यासकांना पाहायला मिळत नाही. छापलेली प्रत आहे म्हणून निदान तिच्यावर वाद तरी घालता येतो. उलट अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी पाहा. सुमारे चाळीस फूट लांब कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिलं, आणि चारशे वर्षं होऊनही ते कापड आहे. कारण पिढ्यान् पिढ्या कोणीतरी ते आपलं काम मानलं. एकाच जिल्ह्यातली ही दोन उदाहरणं. नक्कल केली म्हणून टिकलं आणि माणूस होता म्हणून टिकलं. आपल्याला दोन्ही करायचं आहे.

इथे माझ्या धंद्याचा संबंध येतो. कपाटाचा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, ‘अगं, स्कॅन करून टाक ना, तू तर कॉम्प्युटरवाली.’ मी वीस-बावीस वर्षं माहितीसाठ्यांवर काम करते, म्हणून सांगते. स्कॅन करणं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात शेवटचं काम आहे. ‘आयएमजी ४५२१’ नावाचे दहा हजार फोटो म्हणजे दुसरं गाठोडंच, फक्त गाठ न सुटणारं. त्यात कुठे काय आहे हे सांगणारी सूची नसेल तर शोधणार काय? संगणक मोडी अजून भरवशाने वाचत नाही. उर्दूत लिहिलेल्या मराठी आडनावाचे चार उच्चार होतात. आपल्या जुन्या ग्रंथपालांना मात्र सगळं ठाऊक होतं. ‘अमक्या गावचं? थांबा, डाव्या हाताला खालच्या फळीवर.’ तो माणूस म्हणजेच सूची होता. तो निवृत्त झाला, जागा भरली नाही, आणि सूची घरी गेली.

हार्ड डिस्कही कागदापेक्षा लवकर मरते. दीडशे वर्षांचा मोडी कागद आज उघडता येतो. आपल्या बारावीच्या वेळची फ्लॉपी कोणाकडे असेल तर उघडून दाखवा. आमच्याकडे साधा नियम आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. आणि वर्षातून एकदा उघडून बघायचं. ज्या प्रतीची परीक्षा घेतली नाही ती प्रत आहे असं धरायचं नाही.

परदेशात काय करतात ते थोडक्यात. अमेरिकेत फोर्ट वेन नावाच्या मध्यम शहरात काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात वंशावळीचा स्वतंत्र विभाग आहे, देशातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक. कोणीही जाऊन आपला पणजोबा शोधावा. युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने तर १९७०च्या दशकात आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मपटं काढायला सुरुवात केली. याच संस्थेने सप्टेंबर २०१७पासून सूक्ष्मपटं टपालाने पाठवणं बंद केलं. तिथेही जुन्या सोयी बंद होतात, पण त्यांनी बंद करण्याआधी बहुतेक चित्रफिती संगणकावर आणल्या होत्या. आधी प्रत, मग खोली रिकामी. क्रम तेवढा पाळायचा.

आता आपण काय करायचं? मी मोठमोठे संकल्प मांडणार नाही. पाच कामं आहेत.

पहिलं, यादी. दोन रविवार, सहा जणं, एक वही. प्रत्येक वस्तूला क्रमांक, ती काय आहे, लिपी कोणती, साल कोणतं, कोणाकडून आली, अवस्था कशी. जे वाचता येत नाही तिथे ‘वाचता आलं नाही’ असं लिहायचं. अंदाज लिहायचा नाही.

दुसरं, कपाट. मागच्या खोलीतून काढून ते ग्रंथपालांच्या टेबलामागे, भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून उंच. गाठोड्यांना धुतलेलं सुती कापड. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही आणि प्रेमाने लॅमिनेशन तर अजिबात करायचं नाही. ते परत निघत नाही.

तिसरं, फोटो. उजेडात, स्टँडवर फोन लावून, बाजूला मोजपट्टी ठेवून. फाईलचं नाव यादीतल्या क्रमांकाचंच. एक प्रत वाचनालयात, एक शाळेत, एक पुण्यात माझ्याकडे. मी आहे तोवर दर दिवाळीला ती उघडून तपासेन, हे मी सगळ्यांसमोर सांगते आहे. माझ्यानंतर कोण, हेही आजच ठरवूया.

एक सावधगिरी. या कागदांत जिवंत माणसांच्या जाती आहेत, जन्मतारखा आहेत, कोणाचे वाद आहेत. सगळं उचलून नेटवर टाकायचं नाही. शंभर वर्षांपलीकडचं उघडं ठेवू. अलीकडचं ज्याच्या घराचं त्याला, वाचनालयात येऊन, नोंद करून.

चौथं, वाचणारे. तलाठीकाकांसारखी दोन-तीन माणसं आपल्या भागात अजून आहेत. या हिवाळ्यात आपल्या मुलांपैकी कोणीतरी त्यांच्याजवळ बसावं, दर शनिवारी तासभर. अभ्यासिकेतल्या मुलांनाही विचारा. मोडी शिकलेल्याला काम मिळतं, हे गेल्या दोन वर्षांत सगळ्यांनी पाहिलं आहे. अभ्यासिका आणि कपाट शेजारी-शेजारी नांदू शकतात.

पाचवं काम प्रत्येकाने घरी करायचं. स्मरणिकेबरोबर आपण एक कोरा कागद देतो आहोत. त्यावर आपली चार पिढ्यांची वंशावळ लिहा. अट एकच, प्रत्येक बाईचं नाव, तिचं माहेरचं नाव आणि माहेरचं गाव आलं पाहिजे. आई, आजी, पणजी, आत्या, कोणीही सुटता कामा नये. ज्यांच्या घरी कागद नाही त्यांनी आईला, मावशीला विचारून लिहा आणि ‘मावशीने सांगितलं, अमुक तारखेला’ असं खाली टाका. तोंडी पुरावाही पुरावाच, सांगणाऱ्याचं नाव असलं म्हणजे झालं. हे कागद आपण बांधून कपाटात ठेवू. त्या कपाटात लेकीसुनांच्या नावांची ती पहिली वंशावळ असेल.

खर्च विचाराल तर एक स्टीलचं कपाट, कापडाचा तागा, एक स्टँड आणि दोन हार्ड डिस्क. आजच्या जेवणाच्या बिलापेक्षा जास्त होणार नाही, आणि आज पुरणपोळी आहे.

आपल्या शिक्षकांनी आपल्याला फळ्यावर लिहायला लावण्याआधी हजेरी घेतली. रोज, न चुकता, एकेक नाव मोठ्याने. गुरुजन इथे बसले आहेत, त्यांना मी विचारते, किती हजार वेळा तुम्ही ते केलं असेल! त्या हजेऱ्या आज शाळेच्या कपाटात आहेत, आणि मुख्याध्यापकांनी त्यांचीही यादी करायला परवानगी दिली आहे. त्याबद्दल त्यांचे आभार.

ज्यांना यादीच्या कामाला यायचं आहे त्यांनी जेवणानंतर दाराजवळच्या वहीत नाव आणि फोन नंबर लिहावा. मला सहा नावं हवी आहेत. पहिलं मी लिहिलं आहे.